ताबा दिला, ताबा घेतला

पोलीस खात्यात मी एकतीस वर्षं काढली, पण एकही खून उघडकीस आणला नाही. दरोडेखोराच्या मागे धावले नाही. बंदूक हातात घेतली ती वर्षातून एकदा, गोळीबाराच्या सरावाला, आणि तिथंही माझ्या गोळ्या शेजारणीच्या टार्गेटवर मोजल्या जायच्या. त्यामुळे दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हणून आग्रह झाला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. लोकांना थरार हवा असतो. माझ्याकडे थरार नाही. एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, एवढंच.

माझं काम कसलं, ते आधी सांगते. बाईला ताब्यात घ्यायचं तर बाई पोलीस लागते. अंगझडती बाईनेच घ्यायची, गाडीत शेजारी बाईनेच बसायचं, दवाखान्यात, कोर्टात, सुधारगृहात बाईनेच न्यायचं. नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मी भरती झाले तेव्हा एका ठाण्याला एक बाई मिळाली तरी पुष्कळ. कणीक मळत असले तरी फोन यायचा, "देवरेबाई, निघा. बाई आहे." हाताचं पीठ सुद्धा धड न धुता मी निघालेली आहे. दारू गाळणाऱ्या म्हाताऱ्या, बाजारात पाकीट मारणाऱ्या पोरी, नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घातलेली एक शिक्षिका, सगळ्या माझ्या शेजारी बसून गेल्या. गाडी सुरू झाली की बाई बोलते. साहेबांसमोर दोन तास गप्प बसलेली बाई निफाड ते नाशिक एवढ्या रस्त्यात सगळं सांगून मोकळी होते. मी काही विचारायची नाही, नुसतं पाणी पुढे करायची. एकतीस वर्षांत माझ्या ताब्यातून एकही बाई पळाली नाही. याचा मला फार अभिमान होता.

मधली पाच वर्षं मी जिल्ह्याच्या कचेरीत परकीय नागरिकांच्या टेबलावर होते. परदेशी माणूस लॉजवर उतरला, भाड्याने राहिला, कॉलेजात शिकायला आला की त्याची नोंद आमच्याकडे व्हायची. नोंद आम्ही ठेवायची, चौकशी आम्ही करायची, माणूस शोधून आम्ही आणायचा. पण त्याला ठेवायचं की घालवायचं हा निर्णय केंद्राचा. आमचे एक जुने साहेब म्हणायचे, "ठरवायचं दिल्लीने, उचलायचं आपण."

तेव्हा त्र्यंबककडच्या एका आश्रमात युरोपातली एक आजी सापडली होती. व्हिसा संपून आठ महिने झालेले. तिला तारखेचं भानच राहिलं नव्हतं. मी आणायला गेले तर ती तुळशीला पाणी घालत होती. साहेबांनी तिला खुर्ची दिली, बिनसाखरेचा चहा मागवला, वर पत्र लिहिलं, दंड भरून घेतला आणि परतीच्या तिकिटाची सोय होईपर्यंत तिला आश्रमातच राहू दिलं. मुंबईच्या विमानतळावर तिला सोडायला मीच गेले. तिने मला मिठी मारली. कायद्याने चुकलेल्या माणसालाही माणसासारखं घालवता येतं हे मी तेव्हा पाहिलं होतं, म्हणून ही आठवण इथं लिहिते.

नोकरीची शेवटची सहा वर्षं गोदाकाठच्या एका ठाण्यात गेली. गावाचं आणि ठाण्याचं नाव लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. सायखेड्याच्या बाजाराला जाणारं, ऊस आणि द्राक्षाचं गाव, एवढं पुरे.

तिथं मला युनिफॉर्मची पँट आवळून घ्यायची होती. सरकारी कापड एकाच मापात शिवलेलं येतं आणि बायकांच्या कमरा एका मापाच्या नसतात. कुणीतरी सांगितलं, मारुतीच्या पाराजवळ अनुसयाबाईंच्या घरात एक बंगाली बाई शिवण करते, हात चांगला आहे. ती जहानारा. हे नाव गावात कुणाच्या तोंडी बसलं नाही, बायकांनी तिची जनाबाई करून टाकली होती. तिचा नवरा नुरुल फरशी मिस्त्री. नाशकात, पुण्यात, जिथं इमारत उभी राहील तिथं जायचा. मुलगी तुहिना इथल्याच सरकारी दवाखान्यात जन्मलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला. जहानारा गोदाकाठच्या बायकांसारखंच 'लय' आणि 'नाय' बोलायची. फक्त शब्दाच्या सुरुवातीचा 'व' म्हणता यायचा नाही, विहिरीला बिहीर म्हणायची, आणि नवरा कामाला 'गेली' आणि मुलगी शाळेत 'गेला', असं तिचं चालायचं. बायका हसायच्या, तीही हसायची. माझी पँट तिने अशी बसवली की परेडला साहेबांनी विचारलं, "देवरे, नवीन युनिफॉर्म?"

त्या सुमाराला भाडेकरूंची माहिती गोळा करायचं काम निघालं. घरमालकाने भाडेकरूचा फॉर्म भरून ठाण्यात द्यायचा. कुणी देत नसे. बाहेरून आलेले लोक तर पोलिसांचं नाव काढलं की घाबरत. मी बायकांशी बोलू शकते म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. जहानाराने पहिल्यांदा नकोच म्हटलं.

"नुरुल बोलते पोलिसात नाव नाय द्यायचं."

"अगं वेडी का तू? ज्यांचं नाव नसतं त्यांनाच त्रास होतो. तुझी नोंद असली तर उद्या कुणी काही म्हटलं तर आम्हीच सांगू, ही आमच्याकडची आहे."

"तुम्ही सांगणार?"

"मी सांगणार."

मी तिच्या शिलाई मशीनवरच फॉर्म ठेवून भरला. आधार कार्ड, रेशन कार्ड, जन्मगाव, सगळं विचारून माझ्या अक्षरात. तिने सही केली, बंगालीत. तिच्यामागोमाग तिच्या ओळखीच्या आणखी चार बायकांनी फॉर्म दिले. त्या महिन्यात सर्वांत जास्त फॉर्म आमच्या ठाण्याचे झाले आणि मला प्रशस्तिपत्र मिळालं.

तीन वर्षांनी वरून आदेश आला. बेकायदा राहणारे बांगलादेशी शोधा. प्रत्येक ठाण्याने यादी द्यायची. केंद्राकडून ओळख पटवायला महिन्याची मुदत. जिथला म्हणून सांगतो तिथल्या पोलिसांना पत्र टाकायचं, तिथून 'आमचा आहे' असं उत्तर आलं तर सोडायचं, नाहीतर सीमेवरच्या जवानांच्या स्वाधीन करायचं. आदेशात चुकीचं असं काही नव्हतं, आजही मी तसं म्हणत नाही. कुठल्याही देशाला आपल्या घरात कोण राहतं हे विचारायचा हक्क आहे. पण यादी आणायची कुठून? जे खरोखर लपून राहतात ते लपलेलेच असतात. आमच्या गोपनीय शाखेच्या हवालदाराने कपाट उघडलं आणि भाडेकरूंच्या फॉर्मची फाइल काढली. बंगाल लिहिलेले आणि मुसलमान नाव असलेले फॉर्म त्याने बाजूला केले. अकरा निघाले. त्यातले पाच माझ्या अक्षरात होते.

मी साहेबांना म्हटलं, "साहेब, हे तर स्वतःहून आलेले लोक आहेत. चोर कधी स्वतःहून नाव देतो का?"

साहेब म्हणाले, "देवरे, निर्दोष असतील तर महिन्यात सुटतील. तुम्ही कशाला जीव काढता?"

साहेब वाईट माणूस नव्हता. हे मी आजही लिहीन.

जहानाराला आणायला मीच गेले. वेळ मी निवडली, सकाळी अकराची, तुहिना शाळेत असताना. जहानारा मशीनवर होती. "चौकशी आहे, कागद घे," म्हटलं. तिने कागदांची पिशवी घेतली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली अनुसयाबाईंच्या हातात देत म्हणाली, "तुहिना आली की भात देजा. मी चारला येते."

अनुसयाबाई सत्तरीच्या. त्यांनी माझा हात धरला. "लय गरीब बाई हाय वो ती. सात वर्सं माझ्या घरात ऱ्हाती. ती कशाची बांगलादेशी? माझ्या सुनंच्या बाळंतपणाला हिनं रात रात काढली. तुमाला सांगते, न्याऊ नका तिला."

"चौकशी करून सोडतो, काकू," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

जिल्ह्यातून जमा केलेल्या बायकांना ठेवायला तालुक्यातलं एक मंगल कार्यालय घेतलं होतं. लग्नसराई संपलेली होती. भिंतीवर थर्माकोलचे मोर तसेच होते, आणि वधूपक्षाच्या खोलीत चौदा बायका. दिवसपाळी माझी. त्यातली एक खरंच पलीकडची होती. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "मी तिकडचीच. कांद्याच्या खळ्यावर नऊ वर्षं काम केलं. आता खोटं बोलून दमले." तिला परत पाठवताना मला वाईट वाटलं, पण मन खाल्लं नाही. ते कायद्यात बसणारं होतं.

जहानारा पहिला आठवडा निवांत होती. तिला वाटायचं कागद आहेत. पण आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नाही, रेशन कार्ड नाही, पॅन नाही. नुरुल पुण्याहून धावत आला. तो कधीतरी आखातात कामाला जाऊन आलेला, त्याच्याकडे पासपोर्ट होता, म्हणून तो सुटला. तिच्याकडे पासपोर्ट कुठला? शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव जहानारा खातून. आधारवर जहानारा बीबी. केंद्राकडून चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "दो नाम हैं."

मी मध्ये बोलायला नको होतं, पण बोलले. म्हटलं, "सर, त्यांच्यात लग्नाआधी खातून आणि लग्नानंतर बीबी लावतात. माझंही तसंच आहे. मी कळवणकडची, माहेरची तारा काशिनाथ पगार. लग्नात तांदळात अंगठीने नाव काढलं आणि मी सुशीला देवरे झाले. माझ्या दाखल्यावर एक नाव आहे आणि पगारपत्रकावर दुसरं."

तो हसला. "आपकी बात अलग है, मैडम."

मग त्याने तिच्याशी बंगालीत बोलायला सुरुवात केली. वीस मिनिटं बोलला आणि कागदावर लिहिलं, बोली सीमेपलीकडची वाटते. जहानारा मला नंतर म्हणाली, "मॅडम, आमची गाव नदीत हाय. या काठाला बोलते तेच त्या काठाला बोलते. नदी काय भाषा कापते?" मला ते लगेच पटलं. आमच्या सुरगाण्याच्या डोंगरातला आदिवासी माणूस जी कोकणी बोली बोलतो तीच पलीकडे गुजरातेत डांगातला बोलतो. हद्दीचा दगड बोलीला दिसत नाही. पण माझं पटणं कुठल्या रकान्यात लिहायचं?

एकोणिसाव्या दिवशी बंगालहून उत्तर आलं. सदर नावाची महिला किंवा तिचे कुटुंब गोपालपूर गावी राहत नाही. कुणालाही माहीत नाही.

मी ते तिला वाचून दाखवलं. माझा आवाज कडक झाला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. खोटं पकडलं गेल्यावर पोलिसाचा आवाज आपोआप तसा होतो. "काय ग? गावात कुणी ओळखत नाही म्हणे तुला."

ती कागदाकडे बघत राहिली. "कोणत्या गावात बिचारलं?"

"गोपालपूर."

"गोपालपूर नाय मॅडम. चर गोपालपूर."

ती ते 'चॉर' असं म्हणाली. तीन वर्षांपूर्वी, मशीनवर फॉर्म भरताना, ती हेच म्हणाली होती. मला ऐकू आलं होतं 'चोर'. मी म्हटलं होतं, "अगं, पोलिसाच्या फॉर्मवर चोर कशाला लिहायला लावतेस?" आणि दोघी पोट धरून हसलो होतो. मी नुसतं गोपालपूर लिहिलं होतं. चर म्हणजे नदीच्या पात्रात गाळाने तयार झालेलं बेट. गोपालपूर काठावरचं, वेगळ्या ठाण्याच्या हद्दीतलं. तिचं गाव नदीतलं. गोपनीयच्या हवालदाराने माझा फॉर्म समोर ठेवून पत्र टाइप केलं होतं. त्याने एक अक्षरही चुकवलं नव्हतं.

मी त्याच दुपारी साहेबांकडे गेले. चूक माझी आहे, दुसरं पत्र टाकू द्या म्हटलं. साहेबांनी टाकू दिलं. योग्य ठाण्याचा नंबर मी स्वतः शोधला आणि फोन लावला. तिथले एक जमादार होते, त्यांना मंडलबाबू म्हणू. माझी हिंदी आमच्या पद्धतीची, त्यांची त्यांच्या.

"चिट्ठी मिला है, मैडम. लेकिन चर में जाना है तो नौका से जाना पड़ेगा. अभी पानी बहुत है. नौका बंद."

"दादा, दस दिन बाकी है."

"हम कोशिश करेगा."

मी रोज फोन करायची. रोज पाणी चढलेलंच. इकडे आमच्या गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठची माणसं पुलावर उभी राहून पूर बघतात. मी मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून दोन हजार किलोमीटरवरच्या नदीचं पाणी उतरायची वाट बघत होते. जहानारा रोज विचारायची, "काय बोलले?" मी म्हणायची, "उद्या." सत्ताविसाव्या दिवसापासून तिने विचारणं सोडलं.

यादी पक्की झाली तेव्हा मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. "साहेब, एवढी एक बाई मागे ठेवा. आठ दिवस." त्यांनी माझ्यासमोर वर फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. गावाकडून नकारार्थी अहवाल रेकॉर्डवर आहे, विमानात नावाप्रमाणे जागा गेल्या आहेत, मुदत संपली आहे, अडचण काय? साहेब म्हणाले, "अडचण नाही, सर." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "आपल्या हातात एवढंच होतं, देवरे."

त्यांना विमानतळावर न्यायच्या सकाळी मी आजारी पडू शकले असते. निवृत्तीला सात महिने होते. कुणी काही म्हटलं नसतं. मी गेले. मी नसते तर दुसरी कुणी गेली असती, निदान ओळखीचं माणूस शेजारी असावं, असं मी स्वतःला सांगितलं. आता वाटतं, तिला ओळखीचं माणूस शेजारी हवं होतं की नको होतं, हे मी विचारलंच नव्हतं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. गाडी घाटाला लागल्यावर बोलायला लागली. मला वाटलं, आता रडेल. पण ती म्हणाली, "कपाटात सात ब्लाउज हायेत. हिरवा काठाचा अनुसयाबाईच्या सुनेचा, त्याला हुक लावायचं राहिलं. दोन मोतिया रंगाचे शाळेच्या बाईंचे. तुम्ही देऊन टाका. लोक बोलतील, जनाबाई कापड घेऊन पळाली." मी डायरीत लिहून घेतलं. एकतीस वर्षांच्या सवयीने लिहून घेतलं.

विमानतळाच्या मागच्या फाटकापाशी केंद्राचे लोक उभे होते. तरुण अधिकारी, बोलायला सभ्य. "मैडम, गिनती पूरी?" चौदा मोजल्या. मग पावती. तिच्यात दोनच ओळी असतात. ताबा दिला, ताबा घेतला. वरच्या ओळीवर मी सही केली. सही करताना माझा हात थरथरला नाही. दिवाळी अंकात लिहिताना थरथरला म्हणून लिहिणं सोपं होतं, पण खरं ते हे, की सही नेहमीसारखी स्वच्छ आली. जहानाराने मागे वळून एकदाच विचारलं, "तुम्ही बोलली होती ना, तुम्ही सांगणार?" मी तोंड उघडेपर्यंत रांग पुढे सरकली होती.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. मंडलबाबू नावेने चरावर गेले. बापाचं मतदार यादीतलं नाव, शाळेच्या हजेरीपटाचा फोटो, पंचायतीचा सहीशिक्क्याचा दाखला, म्हाताऱ्या आईचा जबाब. सगळं जोडून त्यांनी मेल केला. सदर महिला जन्मापासून याच गावची. मी प्रिंट काढून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी दोनदा वाचला. चष्मा काढला, डोळे चोळले, परत घातला.

"फाइलला लावा," म्हणाले.

"आणि ती?"

"वर कळवू."

कळवलं. त्या पत्राला आजतागायत उत्तर नाही.

पुढचं मला नुरुलकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. सीमेवर नेऊन त्यांना एका गवताळ पट्ट्यात सोडलं आणि समोर चालत जा म्हणून सांगितलं. पलीकडच्या गावकऱ्यांनी पकडलं, तिथल्या पोलिसांनी बिनकागदाचं घुसल्याबद्दल तुरुंगात टाकलं. चार महिन्यांनी जामीन झाला. आता तिथल्याच एका कुटुंबाने तिला आसरा दिला आहे. दर आठवड्याला ठाण्यात हजेरी, जिल्हा सोडायचा नाही. एकदा तिचा मला फोन आला होता, कुणाच्या तरी मोबाइलवरून. मराठीत बोलली, तीच मराठी.

"मॅडम, इथली पोलीस बोलते तू इंडियाची हाय, इथून जा. मी बोलली, मग तुम्हीच सांगा ना त्यांना."

मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "पैसे संपतात मॅडम. तुहिनाचं सांगा. शाळेत जाते?"

निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषण केलं. शाल, नारळ, गणपतीची मूर्ती. निष्कलंक सेवा, एकही तक्रार नाही, म्हणाले. त्याच आठवड्यात नुरुलच्या वकिलाने मला विचारलं, चूक तुमच्या फॉर्ममध्ये होती असं प्रतिज्ञापत्र द्याल का. खात्यातल्या दोघातिघांनी सांगितलं, पेन्शनची कागदपत्रं अजून व्हायचीत, कशाला हात घालता. मी दिलं. फार मोठं धाडस केलं असं नाही. तोवर त्याचा काही उपयोग उरला नव्हता, म्हणूनच कदाचित देता आलं. बंगालच्या कोर्टात ते दाखल झालं. तारखा पडतात. दोन्ही सरकारांत पत्रव्यवहार चालू आहे, असं प्रत्येक तारखेला सांगितलं जातं.

या उन्हाळ्यात मी चर गोपालपूरला जाऊन आले. घरात सांगितलं, मैत्रिणींबरोबर गंगासागरला जाते. नाशिकरोडहून हावडा, तिथून दुसरी गाडी, मग बॅटरीवरची रिक्षा आणि शेवटी नाव. घाटावर सीमेच्या जवानांची चौकी होती. प्रत्येकाचं ओळखपत्र बघत होते. माझ्यापुढची म्हातारी पदराच्या गाठीतून प्लॅस्टिकमधला कागद काढून उभी होती. मी निवृत्त पोलिसाचं कार्ड दाखवलं. जवान ताठ झाला, "जय हिंद, मैडम," आणि मला नावेत चढायला हात दिला.

तागाच्या काड्यांच्या भिंती, वर पत्रे, अंगणात पेरूचं झाड. जहानाराची आई दारातच बसली होती. नुरुलने इथं आणून सोडलेली तुहिना आता अकरा वर्षांची. अंगाने वाढलीय. तिला बंगाली वाचता येत नाही म्हणून शाळेने दोन वर्ग मागे बसवलंय. मला बघून ती उठली नाही, की हसली नाही. मग हळूच म्हणाली, "तुम्ही देवरे मॅडम ना?" तिची मराठी गंजल्यासारखी झाली होती, शब्द शोधून शोधून काढत होती. मी आणलेली मराठी गोष्टींची पुस्तकं तिने उलटीसुलटी करून बघितली आणि बाजूला ठेवली. मागच्या बांधावर नेऊन तिने मला नदी दाखवली. पलीकडे झाडांची एक रेघ दिसत होती.

"आई तिथं आहे?" मी विचारलं.

"नाय. अजून लय आत. पण तिकडूनच."

आम्ही परत आलो तेव्हा आजीने विचारलं, ही बाई कोण? एवढं मला न समजताही समजलं. मी दोन दिवस गाडीत बसून काय सांगायचं ते ठरवून आले होते. हात जोडायचे, फॉर्मचं सांगायचं, पावतीचं सांगायचं. पण ते सांगायला मला तुहिनाचंच तोंड लागणार होतं. मी तिच्याकडे बघितलं. तिने आजीला बंगालीत चार शब्द सांगितले. म्हातारीचा चेहरा उजळला. माझ्या तोंडावरून तिने दोन्ही हात फिरवले, चटई टाकली आणि लगबगीने चुलीकडे गेली.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, तुम्ही आईच्या गिऱ्हाईक आहात. नाशिकहून आल्या." तुहिना खाली बघत म्हणाली. "पोलीस सांगितलं असतं तर तिनं तुम्हाला जेवू घातलं नसतं. आणि परतीची नाव आता संध्याकाळी आहे."

म्हातारीने माझ्यापुढे ताट ठेवलं. भात, मसुरीची डाळ, नदीतला लहानसा मासा. घरात तेवढाच होता, तो माझ्या ताटात होता. ती समोर बसून वारा घालत काहीतरी विचारत होती, आणि तुहिना भाषांतर करत नव्हती.

मी जेवले. ताटात काही टाकलं नाही.